आगबोट, तर आणि हाफ तिकीट

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

गेल्या फेब्रुवारीत मी आणि बायको चार दिवस फिरून आलो. भाऊचा धक्का ते रत्नागिरी. गाडी घरीच ठेवली. नियम एकच केला होता, पाणी आलं की बोट आणि जमीन आली की एसटी. एसटीची वेळ जमलीच नाही तर सहा सीटर. मुक्काम घरगुती खोल्यांमध्ये, जेवण खाणावळीत. चार दिवसांचा दोघांचा प्रवासखर्च दीड हजाराच्या आसपास गेला. एवढ्या पैशात आपली गाडी मुंबईहून चिपळूणपर्यंतसुद्धा येत नाही, टोल आणि वडापाव वेगळे.

कारण सांगतो. वीस-बावीस वर्षं मी खाडीवरच्या पुलांच्या बातम्या देतोय. मंजुरी, निविदा, भूमिपूजन, रखडलं, पुन्हा भूमिपूजन. रेवस ते रेडी सागरी महामार्ग हा विषय बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचा, म्हणजे १९८०-८२ चा. मी तेव्हा पाळण्यात होतो. आता मात्र रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड या पुलांची खरोखरच हालचाल दिसतेय. म्हणजे येत्या काही वर्षांत या खाड्यांवरची तर बंद होणार किंवा नावाला उरणार. तेव्हा एका रात्री मी बायकोला म्हटलं, "अगं, पूल व्हायच्या आत एकदा सगळ्या खाड्या ओलांडून येऊ."

ती म्हणाली, "मला बोट लागली तर?"

ती साताऱ्याकडची. तिच्या माहेरी पाणी म्हणजे विहीर आणि धरण.

रात्रीच्या तुतारीने दादर गाठलं आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर उभे राहिलो. हा धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, एकोणिसाव्या शतकातले. त्याआधी बोटीतून उतरायचं म्हणजे चिखलात पाय घालायचा नाहीतर खलाशाच्या खांद्यावर बसायचं. अख्ख्या कोकणाने मुंबईत पहिलं पाऊल टाकलं ते इथे. गिरणीत लागलेला, पोलिसात लागलेला, घरगडी म्हणून आलेला, शिकायला आलेला. आमचे आजोबाही त्यातलेच. लालबागला गिरणीत होते. वळकटी आणि फणसाच्या साटांचा डबा घेऊन उतरले, असं आजी सांगायची. आता धक्क्यावर मासळीची गर्दी, बर्फाचे ट्रक आणि एका बाजूला रेवसच्या लाँचची खिडकी. तिकीट काढलं. इथे महिला सन्मान नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते जमिनीवर. बायकोला मी म्हटलं, जमिनीवर तू माझ्या निम्म्या किमतीत, पाण्यावर आपण बरोबरीत. तिला विनोद आवडला नाही.

लाँच निघाली. मुंबई मागे पडली तसा एक खलाशी दादा शेजारी येऊन बसला. मी काशाचा खडक कुठे म्हणून विचारलं. त्याने हाताने दिशा दाखवली आणि लगेच म्हणाला, "रामदास?"

म्हणजे अजून लोक विचारतात.

१७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रामदास बोट सकाळी आठच्या सुमारास याच धक्क्यावरून रेवसला निघाली. सातशेच्या वर माणसं होती, सणाला घरी निघालेली. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ वादळी वारा आणि लाटांनी बोट कलंडली. सगळे एका बाजूला धावले आणि खेळ संपला. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नाही. जी वाचली त्यातली बरीचशी रेवसकडच्या कोळी बांधवांनी आपल्या मचव्यांतून ओढून काढली. काही पोहत मुंबईकडे आली. त्यांच्यामुळेच बातमी कळली.

यात एक बारकावा आहे, तो पुष्कळदा निसटतो. दक्षिणेकडे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला जाणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंदच असत. मे अखेरीस शेवटची फेरी, मग गणपती-नवरात्राच्या सुमारास पुन्हा सुरू. पण रेवस-धरमतरची वाट जवळची म्हणून पावसातही चालायची. हाकेच्या अंतरावर तर जायचंय, हा जो भाव आहे तो तेव्हाही होता आणि आजही आहे.

रामदास ज्या कंपनीची होती तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी, पण लोकांच्या तोंडी हेच. समोर होती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, जिला आपली म्हातारी माणसं 'शेफर्डची बोट' म्हणायची. शेफर्ड साहेबाची आणि माझी आपली, असा सरळ हिशेब. माझी कंपनीने बोटींना संतांची नावं दिली, रामदास, तुकाराम. नाव देशी, बोट मात्र विलायतेत बांधलेली. रामदास १९३६ ची, स्वॉन हंटरच्या कारखान्यातली. आणि याच कंपनीची तुकाराम आणि दुसरी जयंती, या दोन बोटी नोव्हेंबर १९२७ मध्ये वादळात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणजे वीस वर्षांत तीन. आमची आजी तेव्हा गिरगावातल्या नातेवाईकांकडे होती. रामदासनंतर चार दिवस चाळीत चूल नीट पेटली नाही, एवढंच ती सांगायची. पुढे आयुष्यभर तिने आषाढात घरातल्या कुणाला पाण्यावर पाऊल ठेवू दिलं नाही. चिपळूणला आल्यावर गोवळकोटला होडीतसुद्धा नाही.

हे सगळं मी बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, उतरल्यावर सांगितलं असतंत तर चाललं नसतं का?"

रेवसला ओहोटी होती. गाळ एवढा साचलाय की पाणी उतरलं की लाँचला जपून यावं लागतं. उतरून अलिबागची एसटी पकडली. तिथे तिने अर्धं तिकीट काढलं आणि माझ्याकडे बघून हसली.

अलिबागला मिसळ खाऊन रेवदंड्याला उतरलो, मुद्दाम. इथे अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला हे आपण शाळेत पाठ केलं. निकितिन त्याच्या तीसेक वर्षं आधी चौलला उतरला होता. बरोबर एक घोडा, विकायला. जुन्नरला तिथल्या सरदाराने तो काढूनच घेतला होता, मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. बिदर, गुलबर्गा असं फिरून हा माणूस परतीला दाभोळ बंदरात आला आणि होर्मुझला जाणाऱ्या जहाजात बसला. भाडं ठरलं दोन सोन्याची नाणी, हे त्याने लिहून ठेवलंय. मला त्याच्या सगळ्या प्रवासवर्णनात हेच वाक्य जास्त आवडतं. राजे, हत्ती, जवाहीर यांचं वर्णन कुणीही करेल, पण खिशात काय उरलं आणि तिकीट केवढ्याला पडलं, हे लिहिणारा माणूस आपला वाटतो.

मुरूड, मग आगरदांडा. समोर दिघी. राजपुरीची खाडी, जंजिरा सिद्दीचा मुलूख. हे संस्थान १९४८ साली विलीन झालं. तर भरली की सुटते. दुचाकी, चारचाकी, एक टेम्पो आणि त्यात चार शेळ्या. पर्यटक गाडीतून उतरून सेल्फी काढत होते, तेवढ्यात पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. इथलं फार सांगण्यासारखं नाही. श्रीवर्धनला पोहोचेपर्यंत अंधार पडला. खोलीच्या मालकीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि बोंबील दिले. रात्री समुद्राचा आवाज आणि पंख्याचा आवाज, दोन्ही सारखेच.

श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांचं मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ भट इथले देशमुख. सिद्दीशी बिनसलं आणि त्यांना गाव सोडावं लागलं. ते बाणकोटची खाडी ओलांडून वेळासला भानूंकडे आले, आणि मग दोन्ही घराणी मिळून घाटावर गेली, अशी परंपरा आहे. त्या भानूंच्या कुळातले पुढे नाना फडणवीस. १७१३ साली बाळाजी पेशवे झाले. आता नकाशा काढून बघा. श्रीवर्धनहून वेळासला जायचं म्हणजे आज आपण बागमांडला-वेसवी तरीने जी खाडी ओलांडतो तीच. पुढची शंभर वर्षं पुण्यात जे घडलं त्याची पहिली फेरी या पाण्यावर झाली. तिकीट कुणी काढलं नसेल, रात्रीची वेळ असेल, आणि होडीवाला कोण होता ते इतिहासात नाही.

या खाडीवर मी दोन फेऱ्या जास्तीच्या केल्या. पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बायको वेसवीच्या बाजूला टपरीवर चहा घेत बसली होती. तिला वाटलं काही विसरलं असेल. विसरलं काही नव्हतं, एक गोष्ट नीट बघायची होती.

डिसेंबर १९२७. मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता, महाडला दुसरी परिषद ठरली होती. मुंबईहून महाडला जायची नेहमीची वाट म्हणजे धरमतरपर्यंत बोट आणि तिथून मोटार. पण धरमतर-महाड मार्गावरचे मोटारवाले आपल्या लोकांना गाडीत घेणार नाहीत, अशी साधार भीती होती. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक २४ डिसेंबरला पद्मावती बोटीने निघाले ते लांबच्या वाटेने, समुद्रातून खाली येऊन, बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने वर. २५ तारखेला दासगाव बंदराला उतरले आणि तिथून महाडला चालत गेले. त्याच दिवशी मनुस्मृती जाळली गेली.

महाडचं सगळ्यांना माहीत आहे. पण ते पाण्यावरून का आले, हे आमच्या भागातल्या शाळेत मला कुणी सांगितलं नाही. आणि तारखा शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबरमध्ये तुकाराम आणि जयंती बुडालेल्या, मुंबईत घराघरात त्याची चर्चा, आणि सहा आठवड्यांत ही माणसं बोटीत बसली. मोटारीत जागा मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून समुद्र पत्करला. सार्वजनिक वाहतूक म्हणजे काय, हे मला दहा परिसंवादांत कळलं नव्हतं, ते तरीच्या कठड्याला टेकून कळलं. गाडी असणं वेगळं आणि त्या गाडीत आपल्याला बसता येणं वेगळं.

पलीकडचं बाणकोट आज डुलकी घेतंय. पण १७५५-५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एक झाले, तेव्हा इंग्रजांच्या पदरात हे पडलं आणि किल्ल्याला नाव मिळालं फोर्ट व्हिक्टोरिया. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणाचा कारभार काही काळ इथूनच चालला, १८२२ च्या सुमारास तो रत्नागिरीला गेला. महाबळेश्वरला हवा खायला जाणारे साहेब मुंबईहून गलबताने बाणकोटला येत आणि खाडीतून महाडकडे वर सरकत. म्हणजे आधी जिल्ह्याचं ठिकाण आणि मग हिलस्टेशनचं दार. आता तिथे एसटीची वाट बघणारे दोघं-तिघं आणि एक कुत्रं.

त्या दोघा-तिघांत एक वयस्कर चाचा होते. वडील बोटीवर होते, स्वतःही पंचवीस वर्षं बोटीवर. आपल्याकडे 'बोटीवर' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. खाडीत वर्षानुवर्षं रखडलेल्या पुलाचे खांब उभे आहेत, त्याकडे बघून ते म्हणाले, "आमच्या अंतुलेसाहेबांचा पूल हाय तो. बघू, मी अगोदर जातो का पूल अगोदर होतो."

मी विचारलं, "चाचा, पूल झाला तर तुम्हाला बरं ना?"

"बरंच हाय. पण पुलावर चढून जायला मला गाडी कोण देणार?"

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेसवीहून मंडणगड, मंडणगडहून दापोली. या एसटीत बायकोला गाडी लागली. तीन बोटींत काही झालं नाही आणि घाटातल्या वळणांनी घात केला. कंडक्टर मास्तरांनी खिडकीची जागा करून दिली आणि खिशातली आवळासुपारी काढून दिली. दापोलीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दाभोळ.

दाभोळबद्दल मी थोडा भावूक होणार आहे, चिपळूणकर म्हणून. आमच्या वाशिष्ठीचं मुख ते. आमचे बाबा लहानपणी सुट्टीत मुंबईहून यायचे ते आगबोटीने दाभोळपर्यंत, आणि तिथून लाँचने भरतीबरोबर खाडी चढून गोवळकोटला. धान्य, कौलं, मीठ, कापड, माणसं, सगळं गोवळकोटच्या धक्क्यावर उतरायचं. चिपळूणची पेठ मोठी झाली ती घाटामुळे आणि या धक्क्यामुळे. आज आपल्याला वाशिष्ठी आठवते ती फक्त २२ जुलै २०२१ च्या पुरामुळे. पण शे-दीडशे वर्षं ही नदी आपला हमरस्ता होती.

आणि त्याच्याही आधी दाभोळ म्हणजे बहमनी आणि आदिलशाहीचं मोठं बंदर. अरबस्तानातून घोडे यायचे, हजला जाणारी जहाजं इथून सुटायची. १५०८ च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे शहर जाळलं. ती इतकी निर्दय कत्तल होती की पोर्तुगीज लेखकांनीही ती लपवली नाही. शहर पुन्हा उभं राहिलं. धक्क्याजवळची अंडा मशीद सतराव्या शतकातली आहे. तरीची वाट बघताना बहुतेक जण तिच्या सावलीत उभे राहतात आणि आत जाऊन बघत नाहीत. आम्ही गेलो. काळा दगड, वर घुमट, समोर खाडी.

इथली फेरीबोट, म्हणजे गाड्या नेणारी, २००३ साली सुरू झाली. तोवर दाभोळहून समोरच्या धोपाव्याला माणूस होडीने जायचा, पण गाडी न्यायची तर खेड-चिपळूण करत शंभरेक किलोमीटरचा वळसा. समोर दिसणाऱ्या गावाला जायला अर्धा दिवस! सरकारला जे सुचलं नाही ते स्थानिक माणसांनी करून दाखवलं आणि मग वेसवी, जयगड, दिघी अशी सगळीकडे ती पद्धत गेली. हे श्रेय दिलंच पाहिजे.

मजा बघा, समोर अंजनवेलला जो वीज प्रकल्प आहे, ज्याला सगळं जग 'दाभोळ' म्हणून ओळखतं, तो दाभोळला नाहीच. दाभोळ दापोली तालुक्यात, एन्रॉन गुहागर तालुक्यात. मध्ये खाडी. प्रकल्प आला, आंदोलनं झाली, २००१ ला बंद पडला, पुन्हा नव्या नावाने उभा राहिला. वीज, पैसा, राजकारण, सगळं त्या काठाला आणि बदनामी या काठाला. दाभोळकरांना विचाराल तर हसून सोडून देतात.

तरीवर एक मावशी भेटल्या. धोपाव्याकडच्या. दाभोळला डॉक्टरकडे येऊन परत चालल्या होत्या, हातात औषधाची पिशवी. गाडी नाही, दुचाकी नाही. घरून चालत धक्क्यावर, तरीने पलीकडे, चालत दवाखान्यात. बायको त्यांच्याजवळ बसली होती, मी लांबून ऐकत होतो. पुलाचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "पूल झाला की ही बंद ना गो? मग मी कशी येऊ?"

बाणकोटच्या चाचांनी विचारलं तेच.

पुलाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तुटून पडाल. रात्री तर बंद असते. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, तर खाडी म्हणजे भिंत. त्या माणसाला पूल हवाच. पण पूल धक्क्याजवळ येत नाही. उंच असतो, जोडरस्ता गावाबाहेरून जातो. ज्याच्याकडे चाक आहे त्याचा तासभर वाचतो. ज्याच्याकडे फक्त पाय आहेत त्याची दहा-पंधरा मिनिटांची तर जाते. त्याच्यासाठी पुलावरून एसटी धावली तरच तो पूल. आणि पुलाच्या एकाही भूमिपूजनाच्या भाषणात मी एसटीचं नाव ऐकलेलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. निविदेत किलोमीटर आहेत, खांब आहेत, पर्यटन आहे. फेऱ्यांचं वेळापत्रक नाही.

हे आपल्याकडे एकदा घडून गेलंय. आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी थांबत जायची. धक्का नसेल तिथे खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं न्यायचे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिने कोकणातली आगबोटीची गिऱ्हाइकं एकेक करून ओढली. का ओढली? स्वस्त होती म्हणून नाही फक्त. आगबोट बंदरापर्यंत यायची, एसटी वाडीपर्यंत गेली. वस्तीची गाडी रात्री गावात मुक्कामाला यायची, सकाळी पोरांना शाळेत आणि आजाऱ्याला तालुक्याला न्यायची. आणि पावसाळ्यात चालायची. साठच्या दशकात कोकणसेवक, कोकणशक्ती या मोठ्या बोटी गोव्यापर्यंत आल्या, काही वर्षं जोरात चालल्या, पण मधली छोटी बंदरं गळत गेली आणि शेवटी बोटीही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा आगबोटीची आठवण काढायला फक्त आजोबा मंडळी उरली होती.

फरक हा, की तेव्हा एक सार्वजनिक वाहन गेलं आणि त्याच्या जागी दुसरं, अधिक चांगलं सार्वजनिक वाहन आलं. बंदरं मेली, पण माणूस अडकला नाही. आता तर जाईल आणि जागी काय येईल? खाजगी गाडी. २०२५ साली मुंबई ते जयगड-विजयदुर्ग रो-रोच्या घोषणाही झाल्या, चांगलंच आहे, २०२० पासून मांडव्याला रो-रो आहेच. पण तीही प्रामुख्याने गाडीवाल्याची सोय. औषधाची पिशवी घेतलेली मावशी त्यात कुठे बसते?

गुहागरला मुक्काम करून चौथ्या दिवशी तवसाळला आलो. शास्त्रीची खाडी, शेवटची तर. पलीकडे जयगड, किल्ला आणि आता मोठं बंदर. स्टँडवर रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत बसलो आणि बायकोने सहज विचारलं, इथून मुंबईची गाडी सुटते का?

सुटते. २ ऑगस्ट २०१६ ला पण सुटली होती. जयगड-मुंबई. महाडजवळ सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात कोसळला, त्यात ही गाडी आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसट्या आणि इतर वाहनं गेली. मी तेव्हा चार दिवस महाडच्या काठावर होतो. चुंबक लावून, होड्या घालून शोध चालला होता, आणि शोध सावित्रीच्या मुखापर्यंत, बाहेरच्या किनाऱ्यापर्यंत गेला. काठावर नातेवाईक बसून होते. कुणी बोलत नव्हतं. एका काकांनी फक्त विचारलं होतं, "साहेब, पूल म्हणजे पाण्यापेक्षा सुरक्षित ना?" मी उत्तर दिलं नव्हतं. रामदासला बिनतारी यंत्रणा नव्हती, सावित्रीच्या पुलावर रात्री लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. बोट काय, पूल काय.

बायको गप्प झाली. मग गाडी आली. गणपतीपुळ्याच्या वळणावरून समुद्र दिसतो तिथे तिने खिडकी उघडली आणि रत्नागिरी येईपर्यंत बंद केली नाही.

घरी आल्यावर मी एक काम केलं. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, या तीन पुलांबाबत माहिती अधिकारात एकच प्रश्न टाकलाय: पूल सुरू झाल्यावर त्यावरून किती एसटी फेऱ्यांचं नियोजन आहे आणि पायी प्रवाशांच्या तरीचं काय होणार. उत्तर आलं की इथेच टाकेन.

तोवर एक विनंती. गोवळकोटची लाँच कुणाला आठवत असेल, तिचं तिकीट, फोटो, तांडेलाचं नाव, काहीही, तर मेसेज करा. आमच्या बाबांच्या मते शेवटची लाँच त्यांच्या मॅट्रिकच्या वर्षीची, शेजारच्या काकांच्या मते त्यानंतर बरीच वर्षं चालू होती. दोघांचं आठ दिवस यावरून वाजतंय. आणि दाभोळ, बाणकोट, तवसाळकडचं कुणी हे वाचत असेल तर रोज तरीने पायी किती माणसं जातात, एक दिवस धक्क्यावर बसून मोजून कळवा. चहा माझ्याकडून.